येळवशीला डोंगर चढू नये

"ओ पाव्हणं, तसं जाऊ नका! खाली या की!"

ओरडणारा माणूस दिसत नव्हता. तुरीच्या वरून नुसतं त्याचं पांढरं मुंडासं आणि एक हात दिसत होता, आणि तो हात आम्हाला असा बोलावत होता की जणू त्याच्या विहिरीत कुणी पडलंय. इकडे पुढं चालणारा आमचा व्यंकट मान न वळवता आमच्यावर खेकसत होता, "बघू नका तिकडं. नजर मिळाली की खपलो. पाय उचला." या दोन आरोळ्यांच्या मधे, बांधावर, मी आणि मन्मथ. माझ्या पोटात तोवर चार शेतांची ताकातली अंबील होती. मन्मथच्या पोटात किती होती ते त्यालाच ठाऊक, पण तो चालला की आतून भरला हंडा हिंदकळल्यासारखा आवाज यायचा आणि त्या आवाजानं बाभळीवरची पाखरं उठायची. सकाळचे पावणेदहा वाजले होते. डोंगर अजून सुरूसुद्धा झाला नव्हता.

नजर मिळाली. मन्मथचीच मिळाली. आम्ही खाली गेलो आणि पाचव्यांदा जेवलो.

आता पुन्हा मार्गशीर्ष उतरणीला लागलाय. नांदेडच्या बाजारात भाजीवाल्या बाया वालाच्या शेंगा, ओला हरभरा, तुरीचे दाणे, मेथी, कांद्याची पात असा सगळा एकत्र ढीग घालून बसल्यात आणि 'भज्जीचं घ्या, भज्जीचं' म्हणून गिऱ्हाइकाच्या पिशवीला हात घालून राहिल्यात. सकाळी नदीकडून गार वारं येतं आणि माझ्या पायांत वळवळ सुरू होते. खुर्चीत बसवत नाही, उभं राहवत नाही. एका जागी बसून विम्याचा अर्ज भरायचा म्हटलं तर टेबलाखाली पाय आपले आपले चालायला लागतात. परवा एक गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, साहेब, भूकंप आहे का? बायको म्हणते डॉक्टरला दाखवा. डॉक्टर म्हणतो साखर तपासा. साखर ठीक आहे. तीन वर्षांपूर्वीची ती अमावस्या पायांतून गेलेली नाही, एवढंच.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडे आणि आमच्या नांदेडच्या खालच्या अंगाला तिच्यापुढं दिवाळी म्हणजे किरकोळ रजा. त्या दिवशी अख्खं गाव रानात जातं. लातुरात भर दुपारी मुख्य चौकात बाज टाकून झोपलं तर संध्याकाळपर्यंत कुणी उठवणार नाही, कारण उठवायला माणूसच नसतो. रानात कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, घोंगडीत गुंडाळून आणलेलं अंबिलीचं मडकं त्यांच्यापुढं ठेवायचं. पूजा झाली की घरच्या कर्त्यानं शेताला फेरी घालून पिकावर अंबील शिंपडायची, आणि मागून दुसऱ्यानं बेंबीच्या देठापासून ओरडायचं, 'होलगे होलगे, सालन पलगे.' याचा अर्थ मला विचारू नका. कानडी आहे म्हणतात. कानडी माणसाला विचारलं तर तो म्हणतो मराठी असेल. दर रानात थोडं वेगळं ओरडतात आणि जो तो आपलंच खरं म्हणतो.

पण सगळ्यांत कडक नियम हाकेचा. येळवशीला आपल्या बांधावरून जो कोणी दिसेल त्याला हाक मारायची. ओळखीचा असो, नसो. वैरी असला तरी. हाक मारली नाही तर रानातली लक्ष्मी रुसते असं म्हातारी माणसं सांगतात. आणि हाक आली की जाणाऱ्यानं दोन घास खाल्ल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

असल्या दिवशी शहाणा माणूस डोंगर पार करायला निघतो का? निघत नाही. आम्ही निघालो. कारण मन्मथ औशाच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि आम्हा तिघांना एकाच दिवशी सुट्टी मिळण्याचा योग वर्षातून एकदाच येतो. माझं स्वतःचं रान औशाजवळच आहे, काळं आणि असं सपाट की तिथं उकिरड्यालासुद्धा डोंगर म्हणतात. घरच्या येळवशीला दांडी मारली म्हणून माझ्या चुलत्यानं फोनवर मला जे ऐकवलं ते ऐकून शेजारच्याचा पोपट दोन दिवस गप्प होता. तरी मी गेलो. कारण बेत व्यंकटचा होता, आणि तो का केला होता ते मला माहीत होतं.

व्यंकट नांदेडात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. कॉलेजापासूनचा दोस्त. त्याचं गाव डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याला, अहमदपूरच्या अंगाला. बाप गेल्यावर वाटणी झाली. खालचं काळं रान थोरल्या ज्ञानोबादादाला, वरची डोंगराला चिकटलेली मुरमाड पट्टी व्यंकटला. मुरमाड म्हणजे तिथं दगड पेरले तर दगड उगवतील अशी. व्यंकट शहरात, पट्टी पडीक. एका वर्षी दादानं ती नांगरली आणि करडई पेरली. झालं. व्यंकटचं म्हणणं इतकंच होतं, पेरलं त्याचं काही नाही, मला विचारलं नाही. दादाचं म्हणणं, भावाला काय विचारायचं? या दोन वाक्यांवर दोघं असे तापले की व्यंकटनं रागाच्या भरात सरकारी मोजणीचा अर्ज टाकला. मोजणीवाले आले, अख्ख्या गावादेखत सख्ख्या भावांच्या मधे दगड रोवून गेले. खेड्यात भावानं भावाच्या रानाची मोजणी आणणं म्हणजे काय, हे शहरातल्याला सांगून कळायचं नाही. त्यापेक्षा दारूच्या नशेत मारलेली थप्पड बरी. ती दुसऱ्या दिवशी विसरता येते.

तेव्हापासून चार येळवशी व्यंकटनं दुकानाचं शटर आतून ओढून घेऊन काढल्या. पाचव्या वर्षी म्हणाला, शटर नको, डोंगर पार करू. लोह्याकडून चढायचं, पलीकडं उतरायचं, अंधार पडायच्या आधी बस पकडायची. वरून वरून जाऊ. शेत लागतच न्हाई.

शेत लागतच नाही म्हणणाऱ्याच्या पायाखाली डोंगर लागेपर्यंत सात शेतं लागली. दर कोपीत तेच. बाजरीचे उंडे, भज्जी, तिळाची पोळी, वर अंबिलीवर अंबील. आणि दर कोपीत कोणीतरी जुनं माणूस वाटीत आणखी ओतत हमखास विचारायचं, "आन् तुमचं रान कुठं हाय, पाव्हणं? आज रान सोडून हितं कसं?" मी माझ्या औशाच्या रानाचं वर्णन करायचो, सातव्या शेतापर्यंत ते साडेतीनशे एकर झालं होतं. मन्मथ म्हणायचा, आम्हाला रान नाही, आम्ही नोकरदार. व्यंकट वाटीकडं बघत म्हणायचा, "हाय तिकडं." आणि उठायचा. दर वेळी सगळ्यांत आधी उठायचा.

मग डोंगर. बालाघाट नकाशात बघितला तर बिचारा दिसतो, कुणी ब्रश पुसल्यासारखा. त्याच्या अंगावर चढल्यावर कळतं की हा कुणाचा कोण आहे. पायऱ्या पायऱ्यांचा डोंगर. एक पायरी पुरुषभर, पुढची दहा पुरुष. मन्मथ म्हणाला, ही एकेक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक थर. जमीन फाटली, तापलेला रस पसरला, थंड झाला, मधे काही हजार वर्षं शांतता, मग पुन्हा वरून दुसरा. कोट्यवधी वर्षांपूर्वी. दोन थरांच्या मधे विटेसारखा लाल पट्टा दिसतो, ती त्या शांततेच्या काळात झालेली माती, आणि वरच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. मी म्हणालो, सर, आम्ही चढू लालाव, वर्गात बसलो न्हाई. पण बोट लावून बघितलं. लाल माती बोटाला लागली. काळ्या खडकात जागोजाग बुडबुड्यांची भोकं, आणि एका फुटलेल्या धोंड्याच्या पोटात पांढऱ्या स्फटिकांचे दात. एवढा मोठा डोंगर, आणि आत सगळा फेस. मला वाटलं, काही माणसंही अशीच असतात. मन्मथला तसं म्हणालो तर तो म्हणाला, तुझ्यात स्फटिक नाहीत, नुसती हवा आहे.

त्या दिवशीच्या चढाचं वर्णन मी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं केलेलं आहे. कमीत कमी सांगतो. मार्गशीर्षात थंडी असते हे त्या काळ्या दगडाला कुणी सांगितलेलं नव्हतं. हात ठेवला की तव्यावर ठेवल्यासारखा. पायाखालचा मुरूम साबुदाण्यासारखा घसरायचा. कुसळी गवत मोज्यांतून आत शिरून पार हाडापर्यंत चौकशी करायचं. एका घळीत मी खांद्यापासून पोटापर्यंत अडकलो, आणि पोट तर सात शेतांचं होतं. व्यंकट वरून ओढतोय, मन्मथ खालून ढकलतोय, आणि मी मधे अंबिलीच्या बुचासारखा. वीस मिनिटं अडकलो होतो. मन्मथ म्हणतो दोन. वर पोचलो तर सपाट, पापडासारखं पठार. हायसं वाटून चार पावलं टाकली तर पलीकडं परत दरी. असं तीन वेळा. पाणी दुसऱ्या दरीतच संपलं. मन्मथच्या फोननं अकरा किलोमीटर झाले म्हणून सांगितलं, तेव्हा तो फोन कड्यावरून खाली टाकावा का यावर आमचं मतदान झालं.

आणि हे सगळं चालू असताना खालून हाका यायच्या. हेच मला अजून स्वस्थ बसू देत नाही. दोन्ही बाजूंच्या रानांतून, इवल्याशा कोपींमधून, कोण कुणाला बोलावतंय कळत नाही, पण बोलावतंय. होलगे होलगे. ओ पाव्हणं. वाऱ्याबरोबर वर यायच्या आणि कातळाला धडकून परत जायच्या. मन्मथ आणि मी मजेनं ऐकत होतो. व्यंकट मात्र जसजसे पलीकडच्या बाजूला आलो तसतसा वेगानं चालायला लागला. मग एकाएकी थांबायचा. मग परत सुटायचा. मी म्हणालो, लका, तुला कुणी हाकून राहिलंय का? तो पुन्हा सुटला.

दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही शेवटच्या कड्यावर आलो. इथून गुराख्यांची वाट कड्याच्या कडेनं अहमदपूरच्या रस्त्याला उतरते असं व्यंकटनं सकाळपासून शंभरदा सांगितलं होतं. वाट नव्हती. पावसाळ्यात दरड सुटून पन्नासेक फूट वाट खाली गेली होती. मागं फिरायचं तर पाच तास आणि एक थेंब पाणी नाही. दुसरी जागा एकच, उजव्या हाताची घळ. ती सरळ खाली एका रानात उतरत होती. वरची अर्धी पट्टी पडीक, पिवळ्या गवताची. खाली हिरवीगार तूर, हरभरा, आणि मधोमध कोप.

व्यंकट कड्यावर उकिडवा बसला. आम्हाला काही विचारायची गरजच पडली नाही.

"त्यानं हाक मारली न्हाई तर?" तो म्हणाला.

  प्रश्न बरोबर होता. येळवशीला वैऱ्याला हाक मारतात. आज वैऱ्याइतकीही हाक आली नाही, तर पुढं कुठल्या तोंडानं तो त्या गावाचं नाव घेणार? शटरमागं झोपलेल्या माणसाला निदान एवढं तरी म्हणता येतं की मी त्या बांधावर गेलोच नव्हतो. मन्मथनं रिकामी बाटली उलटी करून दाखवली. भूगोलाच्या मास्तरचा युक्तिवाद इतकाच.

उतरलो. ती घळ मी बसून उतरलो. पँटचं काय झालं ते विचारू नका. जवळ येत गेलो तसं एक लक्षात आलं. शेजारच्या रानांतून हाका येतच होत्या, खालच्या ओढ्यापलीकडून तर एक जण ताट वाजवत होता. या एका रानातून आवाज नव्हता. कोपीशी एक माणूस उभा होता. उंच, वाकलेला, धोतराचा सोगा हातात. आम्हाला बघून बराच वेळ उभा होता. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग तो ओरडला, "कोण हाय?"

आता त्याला काय दिसत नव्हतं होय? चालण्यावरून माणूस ओळखणारी ही माणसं. पण विम्याच्या धंद्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला कळतं की समोरचा दार शोधतोय. मी तोंडाशी हात धरून ओरडलो, "वाटसरू हाव! तिघं!"

 मग आवाज आला, सपाट, मोठा, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा. "वाटसरू असले तर जेवल्याबिगर जाऊ नका."

मी आणि मन्मथ भरभर पुढं गेलो. मागं वळून बघितलं तर व्यंकट मोजणीच्या दगडापाशी थांबलेला. पुढं पाऊल टाकेना. दादाही पुढं येईना. दोघांच्या मधे ती हाताएवढी सरकारी खूण. शेवटी कोपीतून दादाची बायको, वहिनीच तांब्या घेऊन गेली. "भाऊजी, पाय धुवा," म्हणाली. त्यानं धुतले आणि तिथंच उभा राहिला, ओल्या पायांनी, स्वतःच्या पडीक जागेत.

वहिनीनं आम्हाला वाढता वाढता हळू आवाजात सांगितलं की अजून अंबील शिंपडलेली नाही. आख्ख्या शिवाराचं झालं, यांचंच राहिलंय. पोरगं पुण्याला कंपनीत, सुट्टी नाही. मागून ओरडायला कोणी नाही म्हणून सकाळपासून करतो करतो म्हणून राहिलेत. दरसालचंच झालंय हे. पूर्वी हे पुढं मडकं घेऊन आणि भाऊजी मागं ओरडायला, हे ठरलेलं. सातआठ वर्षांचे असल्यापासून.

दादानं सगळं ऐकलं असणार. त्यानं वाडगं भरून घेतलं, हातात डहाळी घेतली आणि बांधाकडं निघाला. डहाळी बुडवायची, झटकायची, चालायचं. आवाज नाही. अंबील शिंपडली जातेय आणि मागून आवाज नाही, हे इतकं विचित्र दिसत होतं की मन्मथचा हात घासावर थांबला. दादा तुरीच्या कडेनं वर आला, दगडापाशी आला. आता तो वळेल, त्याची हद्द संपली, असं मला वाटलं. तो वळला नाही. दगडाच्या पुढं गेला. व्यंकटच्या अंगावरून गेल्यासारखा गेला, त्याच्याकडं न बघता, आणि त्या पिवळ्या मुरमाड पट्टीवर, जिथं कुसळांशिवाय काही उगवलेलं नव्हतं, तिथं डहाळी झटकत पुढं चालू लागला. विचारलं तर आजही नव्हतं.

मला वाटलं, संपलं. आता हा चिडणार. मी ताट ठेवून उठलोसुद्धा, काहीतरी थाप मारून मधे पडायला.

आणि मागून ओरड उठली. होलगे होलगे! व्यंकटचा आवाज असा आहे हे तीस वर्षांत मला माहीत नव्हतं. दुकानात तो इतका हळू बोलतो की गिऱ्हाईक मोटार बंद करून ऐकतं. ती ओरड कातळावर गेली आणि एकेका पायरीवरून उतरत परत आली. ओढ्यापलीकडचा ताटवाला गप्प झाला. पुढं दादा, मागं व्यंकट, दोघांच्या मधे चार पावलांचं अंतर, आणि दोन्ही तुकड्यांना मिळून एकच फेरी.

पार वरच्या कोपऱ्यात, डोंगराच्या पायाशी, दोघं थांबले. बराच वेळ. इतक्या लांबून ऐकू येण्यासारखं नव्हतं. दादाचा हात हलताना दिसत होता. व्यंकट खाली बघत होता. मी कोपीत बसल्या बसल्या त्या संवादाचे सहा अंक लिहून काढले. रडणं, पाया पडणं, दगड उपटून ओढ्यात फेकणं. खरं सांगतो, विमा विकताना मी ही गोष्ट निदान चाळीस घरांत सांगितली आहे आणि दर घरात शेवटी दोघा भावांची मिठी घातली आहे. दोन घरांत तर मीही त्या मिठीत होतो. इथं लिहिताना ती घालता येत नाही. मिठी नव्हती. दोघं पुढं मागं चालत परत आले, व्यंकट पानावर बसला, वहिनीनं वाढलं, दादा बैलांकडं गेला. अंधार पडायच्या आत आम्ही निघालो. दादा निरोपाला आला नाही. लांबून, रानाभोवती फिरवायची कडब्याची पेंढी पेटवत होता.

म्हणून या दिवसांत माझे पाय थांबत नाहीत. डोंगराची ओढ म्हणावी तर डोंगर मला आवडला नव्हता. अजून दोन कुसळं माझ्या अंगात कुठंतरी फिरत असतील. ती जी दोघांमधली न ऐकलेली पाच मिनिटं आहेत, तिथवर जाऊन कान लावावा असं वाटत राहतं. जाता तर येत नाही. नुसतं इकडून तिकडं फिरायचं, खिडकी उघडायची, बंद करायची.

बसमध्ये शेवटी माझा धीर सुटला. मन्मथ माझ्या खांद्यावर घोरत होता. मी पुढं वाकून व्यंकटला विचारलं, वर कोपऱ्यात थांबलाव तेव्हा दादा काय म्हणाला?

व्यंकट खिडकीतून बाहेर बघत होता.

"तुरीवर अळी पडली हाय. कोणतं औषध मारू म्हणून विचारलं त्यानं," तो म्हणाला. "मला काय कळतंय त्यातलं."